अम्हारिकमध्ये ‘हळू’ कसं म्हणायचं?

अम्हारिक शिकायला लागलेले मराठी लोक हमखास विचारतात: क्रियाविशेषणांची यादी कुठे मिळेल? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, यादीच्या मागे लागू नका. ‘नग’ म्हणजे उद्या, ‘आहुन’ म्हणजे आता, ‘तोलो’ म्हणजे लवकर, ‘बत़ाम’ म्हणजे फार, असे शब्द पाठ करावेतच. पण एखादं काम कसं केलं हे सांगणारे सुटे शब्द इथिओपियाच्या या भाषेत मोजके आहेत. तिथे नामं आणि क्रियापदं ते काम करतात. मराठीतही जपून, चुकून, मिळून हे शब्द क्रियापदांतूनच आले आहेत, त्यामुळे ही रीत आपल्याला परकी नाही.

उच्चाराचं आधी सांगतो. इथे टिंब दिलेले क़ आणि त़ म्हणताना घसा क्षणभर बंद करून वर्ण झटक्याने फोडायचा. साध्या क-त पेक्षा ते वेगळे वर्ण आहेत.

नामाचा मार्ग सोपा आहे. आपण ‘-ने’ मागे लावतो, अम्हारिक ‘ब-’ पुढे लावते. ‘फित़्नत’ म्हणजे वेग, ‘बफित़्नत’ म्हणजे वेगाने. ‘दस्ता’ आनंद, ‘बदस्ता’ आनंदाने. ‘बत़िन्क़ाक़े’ म्हणजे काळजीपूर्वक. विशेषणाला मात्र सहसा थेट ‘ब-’ लावत नाहीत, आधी त्याचं भाववाचक नाम करतात. त्यासाठीचा ‘-नत’ हा आपला ‘-पणा’ समजा: ‘जग्ना’ म्हणजे वीर, ‘जग्निन्नत’ वीरपणा, ‘बजग्निन्नत’ शौर्याने.

खरी मेहनत क्रियापदाच्या मार्गावर आहे. ‘हळू’साठी सर्रास वापरतात ते ‘क़स्स बिलो’. ‘अल’ म्हणजे म्हणाला आणि ‘बिलो’ हे त्याचं आपल्या ‘करून, जाऊन’सारखं ‘-ऊन’ रूप, म्हणजे शब्दशः ‘क़स्स म्हणून’. ‘झिम्म’सारखे इतर शब्दही याच साच्यात बसतात: ‘झिम्म बिलो’ म्हणजे गप्प राहून. आपलं ‘म्हणून’ कर्ता कोणीही असला तरी बदलत नाही, अम्हारिकचं बदलतं. तो ‘बिलो’, ती ‘बिला’, मी ‘बिय्ये’, आम्ही ‘बिलन’, तू पुरुष ‘बिलह’, तू स्त्री ‘बिलश’, तुम्ही सगळे ‘बिलाच्चिहु’, ते ‘बिलव’. मी हळू गेलो: ‘क़स्स बिय्ये हेद्कु’. ती हळू गेली: ‘क़स्स बिला हेदच्च’.

नवशिक्यांची ठरलेली चूक इथेच होते. ‘क़स्स बिलो’ हा एकच शब्द समजून ते सगळीकडे चिकटवतात आणि मग ‘हळू’चा कर्ता तो, जाण्याचा कर्ता मी, असं विचित्र वाक्य तयार होतं. ‘तो एकटा आला, ती एकटी आली’ म्हणताना आपण जो बदल सहज करतो, तीच सवय इथे लावा. ‘मी’चं रूप वेगळं पाठ करावं लागतं, कारण त्यात व्यंजनही बदलतं. ‘फत़्नो’ म्हणजे (त्याने) त्वरा करून, पण मी त्वरेने आलो हे ‘फत़िञ्ञे मत़्त़ाहु’ होतं: न चा ञ्ञ झाला, जसा ‘बिय्ये’मध्ये ल चा य्य झाला.

काही रूपं मात्र गोठलेली आहेत. ‘दग्मो’ म्हणजे ‘शिवाय, सुद्धा’. ते मुळात ‘पुन्हा करणे’ या धातूचं असलं तरी आता कर्त्याप्रमाणे बदलत नाही.

वाचताना आणखी एक अडचण येते. अम्हारिक लिपी द्वित्त, म्हणजे दुहेरी व्यंजन, दाखवत नाही. ‘अल’ (म्हणाला) आणि ‘अल्ल’ (आहे) एकसारखेच लिहितात. ‘गना’ (अजून) आणि ‘गन्ना’ (नाताळ) हेही तसंच. नकारार्थी क्रियापदाआधी आलं तर बहुतेक ‘गना’ समजावं: ‘गना अल्मत़्त़ाम’, अजून आला नाही. म्हणून नवीन शब्द कानाने ऐकल्याशिवाय वहीत उतरवू नका.

शब्दांच्या जागेची काळजी नको. मराठीसारखंच कर्ता, कर्म, मग क्रियाविशेषण आणि शेवटी क्रियापद. ‘अबब बस्सो बल्ला’, म्हणजे अबबने सातू खाल्लं, हे वाक्य इथिओपियात सर्वांच्या ओळखीचं आहे. सरावाला तेच घ्या: ‘अबब बस्सो क़स्स बिलो बल्ला’. मग बाईचं नाव घ्या: ‘अबबच्च बस्सो क़स्स बिला बल्लाच्च’. दोन्ही ठिकाणी रूप बदललं की नाही ते तपासा.

आणि पहिल्या दिवसापासून लागणारं वाक्य: कृपया हळू बोला. मित्राला ‘क़स्स बिलह तनागर’, मैत्रिणीला ‘क़स्स बिलश तनागरी’, वडीलधाऱ्यांना ‘क़स्स बिलव यिन्नागरु’.