शस्त्र खाली ठेवणारे फितूर होते का?

तुम्ही विचारलेत म्हणून लिहिते. आयर्लंडच्या सशस्त्र लढ्यावर कुठेही बोलले, की व्याख्यानानंतर कोणीतरी हाच प्रश्न विचारते : मायकेल कॉलिन्सने १९२१ मध्ये ब्रिटिशांशी तह केला, जेरी अ‍ॅडम्स आणि मार्टिन मॅकगिनिस यांनी १९९८ चा करार मान्य केला, अखंड आयर्लंडच्या प्रजासत्ताकाची शपथ घेऊन ती पुरी होण्याआधीच शस्त्र खाली ठेवणारी ही माणसे फितूर नव्हेत काय? विचारणाऱ्यांत तरुण मुलेमुली अधिक असतात आणि त्यांच्या आवाजातला राग मला कधी खोटा वाटलेला नाही. माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. मात्र एवढ्याने भागत नाही, कारण ज्या मापाने ही माणसे फितूर ठरतात ते माप आयर्लंडमध्ये कसे तयार झाले आणि पुढे कोणाच्या हाती राहिले, हे पाहिल्यावाचून त्या उत्तराला अर्थ येत नाही.

ते माप तयार झाले २४ एप्रिल १९१६ रोजी, ईस्टरच्या सोमवारी. डब्लिनच्या मुख्य टपाल कचेरीसमोर पॅट्रिक पिअर्स या शिक्षक-कवीने प्रजासत्ताकाचा जाहीरनामा वाचला. त्याच्या पहिल्याच वाक्यात आयर्लंड आपल्या लेकरांना ध्वजाखाली बोलावते ते ईश्वराच्या आणि मरून गेलेल्या पिढ्यांच्या नावाने. या पिढ्या म्हणजे १७९८ चा वुल्फ टोन, १८०३ मध्ये फाशी गेलेला रॉबर्ट एमेट, १८६७ चे फेनियन, म्हणजे ब्रिटिशांविरुद्ध उठलेले गुप्त संघटनेचे बंडखोर. जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या सात जणांतला सर्वांत वडील टॉम क्लार्क हा स्वतः जुना फेनियन होता आणि डायनामाइटच्या कटापायी त्याने पंधरा वर्षे इंग्रजी तुरुंगात काढली होती. जिवंत जनतेचा कौल मात्र या सातांपाशी नव्हता; तो जॉन रेडमंडच्या सनदशीर होमरूल पक्षापाशी होता. आठवड्याभरात उठाव मोडला, सुमारे ४८५ माणसे मेली आणि त्यांत निम्म्याहून अधिक सामान्य नागरिक होते. शरण आलेल्या बंडखोरांना सैनिक नेत असताना डब्लिनच्या काही वस्त्यांतून त्यांची हुर्यो उडवली गेली.

लोकमत फिरवले ते ब्रिटिश सेनापती जनरल मॅक्सवेलने. ३ मे ते १२ मे या दहा दिवसांत त्याने १५ जणांना गोळ्या घातल्या. जोसेफ प्लंकेटचे लग्न किलमेनहॅम तुरुंगाच्या प्रार्थनागृहात लागले आणि काही तासांत त्याला मारण्यात आले. जखमेमुळे उभे राहता येत नसलेल्या जेम्स कॉनलीला खुर्चीत बसवून ठार केले गेले. अडीच वर्षांनी, डिसेंबर १९१८ च्या निवडणुकीत, प्रजासत्ताकाचा पुरस्कार करणाऱ्या सिन फेन पक्षाने आयर्लंडच्या १०५ जागांपैकी ७३ जिंकल्या. म्हणजे कौल आला, पण तो मागाहून आला. आधी बलिदान आणि मग मान्यता, हा क्रम आयरिश प्रजासत्ताकवाद्यांच्या मनावर असा कोरला गेला, की आज लोक आपल्या बाजूला नाहीत ही गोष्ट त्यांच्यातल्या कडव्यांना पुढे कधीच अडचणीची वाटली नाही. त्यांच्या पुढच्या सगळ्या शौर्याचे आणि सगळ्या अनर्थाचे मूळ मला इथे दिसते.

मी बेळगावची आहे, म्हणून इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. डब्लिनमध्ये तोफा चालू होत्या त्याच आठवड्यात लोकमान्य टिळकांनी बेळगावात होमरूल लीगची स्थापना केली. नाव आणि मागणी दोन्ही आयर्लंडच्या सनदशीर पक्षाकडून घेतलेली होती, आणि तीच मागणी त्या दिवसांत तिच्या मायभूमीत मागे पडत होती.

निवडून आलेल्या सिन फेन सभासदांनी लंडनच्या पार्लमेंटात न जाता २१ जानेवारी १९१९ रोजी डब्लिनमध्ये स्वतःची संसद, म्हणजे डॉइल, भरवली. नेमक्या त्याच दिवशी टिपेररी परगण्यातल्या सोलोहेडबेग येथे डॅन ब्रीन आणि शॉन ट्रेसी यांच्या टोळीने दोन पोलिसांना ठार मारले. दोघेही आयरिश, दोघेही कॅथलिक. संसदेने या हल्ल्याची आज्ञा दिलेली नव्हती. पुढच्या अडीच वर्षांत आयरिश रिपब्लिकन आर्मीने, म्हणजे आयआरएने, जे गनिमी युद्ध केले त्याचा मेंदू वेस्ट कॉर्कचा मायकेल कॉलिन्स होता. डब्लिनच्या पोलीस खात्यातच त्याने आपली माणसे पेरली आणि २१ नोव्हेंबर १९२० च्या सकाळी ब्रिटिश हेरखात्याच्या अनेक अधिकाऱ्यांना त्यांच्या मुक्कामावर गाठून मारविले. त्याच दुपारी क्रोक पार्कच्या मैदानावर सामना पाहायला आलेल्या लोकांवर सरकारी फौजेने गोळीबार केला आणि १४ जण मेले. पण जगाचे लक्ष ज्याने सर्वाधिक वेधले त्याने त्या काळात गोळी झाडली नव्हती : कॉर्कचा महापौर टेरेन्स मॅक्स्विनी ७४ दिवसांच्या उपोषणानंतर लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात वारला. १९२९ मध्ये लाहोरच्या तुरुंगात जतीन दास ६३ दिवसांच्या उपोषणानंतर गेले, तेव्हा आयर्लंडमधून मॅक्स्विनी कुटुंबाची तार आली होती.

आता तहाकडे येते. ६ डिसेंबर १९२१ च्या पहाटे कॉलिन्स आणि आर्थर ग्रिफिथ यांनी इतर प्रतिनिधींसह सही केली. सही नाकारली तर ताबडतोब युद्ध, अशी ब्रिटिश पंतप्रधान लॉइड जॉर्जची धमकी समोर होती. २६ परगण्यांना साम्राज्यांतर्गत स्वराज्य मिळाले, उत्तरेचे सहा परगणे वेगळे राहिले, आणि संसदेच्या सभासदांनी राजाशी निष्ठेची शपथ घ्यायची असे ठरले. अध्यक्ष एमन डी व्हॅलेरा वाटाघाटींना स्वतः गेला नव्हता, आणि तह हाती आल्यावर त्याने तो धुडकावला. याबद्दल मी त्याला आजवर क्षमा करू शकलेले नाही. ज्या खोलीत तडजोड होणार हे दिसत होते त्या खोलीत दुसऱ्यांना पाठवून नंतर त्यांना जाब विचारणे मला नेत्याला साजेसे वाटत नाही. कॉलिन्सचे म्हणणे सरळ होते : या तहाने अंतिम स्वातंत्र्य मिळत नाही, पण ते मिळवण्याचे स्वातंत्र्य मिळते. ७ जानेवारी १९२२ रोजी डॉइलने तह ६४ विरुद्ध ५७ मतांनी संमत केला. जूनच्या निवडणुकीत तहाच्या बाजूच्या सिन फेनला ५८ जागा मिळाल्या आणि विरोधी गटाला ३६. लोकांनी उत्तर दिले होते. तरी यादवी झालीच.

त्या यादवीवर मला थांबून बोलावेसे वाटते, कारण फितुरीचा आरोप एकदा मान्य केला की माणसे कुठवर जातात हे तिथे दिसते. कॉलिन्स २२ ऑगस्ट १९२२ रोजी बेल ना ब्लाच्या रस्त्यावर, आपल्याच परगण्यात, आपल्याच जुन्या सैनिकांच्या गोळीने मेला, वय ३१. त्याच्यामागून आलेल्या सरकारने पुढे सत्तराहून अधिक कैद्यांना गोळ्या घातल्या, म्हणजे ब्रिटिशांनी १९१६ नंतर मारले त्यांच्या कितीतरी पट. त्यांत रोरी ओकॉनर होता, ज्याच्या मृत्यूला संमती देणाऱ्या केव्हिन ओहिगिन्स या मंत्र्याच्या लग्नात तो वर्षभरापूर्वी नवरदेवाच्या शेजारी उभा होता. ओहिगिन्सला १९२७ मध्ये प्रार्थनेला जाताना मारले गेले. तहविरोधी सेनापती लिअम लिंच एप्रिल १९२३ मध्ये पडेपर्यंत लढाई थांबवायला तयार नव्हता. तो गेल्यावर मे महिन्यात फ्रँक एकनने शस्त्रे पुरून ठेवण्याचा हुकूम दिला. शरणागती नव्हे, फक्त शस्त्रे पुरणे. त्यामुळे ती पुन्हा उकरता येणार होती.

डी व्हॅलेराने १९२६ मध्ये स्वतःचा पक्ष काढला, पुढच्या वर्षी तीच शपथ ‘पोकळ सूत्र’ म्हणून उरकली, आणि १९३२ मध्ये सत्तेवर आला. त्याने शपथ रद्द केली, १९३७ मध्ये नवी राज्यघटना आणली, १९३८ मध्ये ब्रिटिशांच्या ताब्यातली बंदरे परत घेतली. कॉलिन्सने ज्या वाटेबद्दल सांगितले होते तीच ही वाट. आणि त्या वाटेवर चालताना या १९१६ च्या सेनानीने १९३६ मध्ये आयआरएवर बंदी घातली आणि १९४० मध्ये पॅट्रिक मॅकग्रा या १९१६ च्याच उठावातल्या सहकाऱ्याला गोळ्या घातल्या. ज्यांना कॉलिन्स फितूर वाटतो त्यांनी डी व्हॅलेराचे काय करायचे ते मला सांगावे.

पण त्या मापाचे काय झाले? ते कमी लोकांना ठाऊक असते, आणि मला ते या साऱ्या इतिहासातले सर्वांत विलक्षण प्रकरण वाटते. १९२१ ची दुसरी डॉइल हीच आयर्लंडची अखेरची कायदेशीर संसद, नंतरच्या सर्व निवडणुका आणि सरकारे बेकायदेशीर, असे मानणारे तिचे मूठभर सभासद उरले होते. डिसेंबर १९३८ मध्ये त्यांतल्या सातांनी आपले ‘सरकारी’ अधिकार आयआरएच्या सेनामंडळाकडे लेखी सोपवले. पुढच्याच महिन्यात शॉन रसेलच्या नेतृत्वाखाली इंग्लंडमध्ये बॉम्बमोहीम सुरू झाली. ऑगस्टमध्ये कॉव्हेंट्रीच्या रस्त्यावर पाच जण मेले. लाखो लोकांच्या मताला न जुमानता सात सह्यांच्या कागदावर युद्ध पुकारण्याचा हक्क मिळाला, असे प्रामाणिकपणे मानणारी ही माणसे होती. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. भीती वाटते ती त्याचीच.

उत्तर आयर्लंडात १९६८ नंतर जे पेटले ते मात्र कोणत्याही कागदामुळे पेटले नाही. घरे, नोकऱ्या, मतदान यांत डावलल्या गेलेल्या कॅथलिकांनी नागरी हक्कांसाठी मोर्चे काढले, त्यांच्यावर लाठ्या चालल्या, ऑगस्ट १९६९ मध्ये बेलफास्टच्या वस्त्या जाळल्या गेल्या. त्या डिसेंबरात आयआरए फुटली आणि शॉन मॅकस्टिफॉनच्या हाताखाली प्रोव्हिजनल गट उभा राहिला. दुसऱ्या डॉइलमधल्या टॉम मॅग्वायरने त्याला वारसाहक्काचे शिक्कामोर्तब करून दिले. ऑगस्ट १९७१ मध्ये सरकारने विनाचौकशी स्थानबद्धता सुरू केली, ३० जानेवारी १९७२ रोजी डेरीत ब्रिटिश छत्रीसैनिकांनी निःशस्त्र मोर्चावर गोळ्या झाडून १३ जणांना जागीच मारले, आणि तरुणांची रीघ आयआरएकडे लागली. त्या तरुणांना मी दोष देऊ शकत नाही. त्याच वर्षी २१ जुलैला आयआरएने बेलफास्टमध्ये तासा-सव्वातासात वीसएक बॉम्ब उडवून नऊ जणांचा बळी घेतला, आणि डिसेंबरात दहा मुलांची आई असलेल्या जीन मॅककॉनव्हिल हिला घरातून नेऊन मारले व तिचे प्रेत लपवले. ते २००३ मध्ये सापडले. याचा दोष मात्र द्यायलाच हवा.

१९८१ मध्ये पुन्हा उपोषण आले. राजकीय कैद्याचा दर्जा मागत बॉबी सँड्स १ मार्चला उपवासाला बसला, ९ एप्रिलला ३०,४९२ मते मिळवून तुरुंगातूनच ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून आला, आणि ५ मे रोजी, सहासष्टाव्या दिवशी, सत्ताविसाव्या वर्षी गेला. त्याच्यामागून आणखी नऊ गेले. त्या ३०,४९२ मतांनी अ‍ॅडम्स आणि मॅकगिनिस या सिन फेनच्या नेत्यांना असे काही दाखवले जे बंदुकीने दहा वर्षांत दाखवले नव्हते. १९८६ मध्ये सिन फेनने डब्लिनच्या संसदेवरचा बहिष्कार उठवला. बहिष्काराचा आग्रही असलेला जुना नेता रुआरी ओ ब्राडी आपल्या लोकांसह सभागृह सोडून गेला, आणि नव्वदी ओलांडलेल्या मॅग्वायरने आपला आशीर्वाद त्या बाहेर पडलेल्यांकडे, पुढच्या कॉन्टिन्युइटी आयआरएकडे, वळवला. राहिलेल्यांपुढे ऑगस्ट १९९४ चा युद्धविराम, फेब्रुवारी १९९६ च्या लंडनमधल्या स्फोटाने तो मोडणे, जुलै १९९७ मध्ये तो पुन्हा जुळणे, असा वाकडातिकडा रस्ता होता. तो १० एप्रिल १९९८ च्या गुड फ्रायडे करारापाशी पोहोचला.

आता माझा खरा आक्षेप सांगते. डिसेंबर १९७३ मध्ये सनिंगडेल येथे जवळजवळ असाच करार झाला होता : कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट अशा दोन्ही समाजांनी मिळून सत्ता चालवायची आणि उत्तर-दक्षिण परिषद नेमायची. ब्रिटनशी जोडलेले राहू पाहणाऱ्या युनियनवाद्यांच्या मे १९७४ च्या संपाने तो पाडला, हे खरे; पण आयआरएलाही तो नको होता आणि तिने युद्ध थांबवले नाही. या संघर्षात सुमारे ३,५०० माणसे मेली, त्यांतली सुमारे १,७०० आयआरएच्या हातून. निम्म्याहून पुष्कळ अधिक मृत्यू १९७३ नंतरचे आहेत. १९९८ च्या कराराला उत्तरेतला सनदशीर राष्ट्रवादी नेता शेमस मॅलन याने मंदगतीने शिकणाऱ्यांचे सनिंगडेल म्हटले ते याचसाठी. ब्रेंडन ह्यूजसारखा बेलफास्टचा जुना आयआरए सेनानी जेव्हा विचारत असे, की एवढ्यासाठीच का आपण हे सारे केले, तेव्हा त्याच्या प्रश्नात फितुरीच्या आरोपापेक्षा अधिक सत्य होते. अ‍ॅडम्स-मॅकगिनिस यांच्यावर मी आरोप ठेवते तो शस्त्र ठेवल्याचा नाही, इतक्या उशिरा ठेवल्याचा आहे.

२२ मे १९९८ रोजी सीमेच्या दोन्ही बाजूंना एकाच दिवशी मतदान झाले. १९१८ नंतर अवघ्या बेटाने एकत्र मत देण्याची ती पहिली वेळ. उत्तरेत ७१.१ टक्के आणि दक्षिणेत ९४.४ टक्के मते कराराच्या बाजूने पडली. बारा आठवड्यांनी रिअल आयआरए या शांततेला विरोध करणाऱ्या फुटीर गटाने उत्तर आयर्लंडमधल्या ओमाहच्या बाजारपेठेत बॉम्ब उडवून २९ माणसे मारली.

मार्च २००९ मध्ये रिअल आयआरएने दोन ब्रिटिश सैनिकांना मारले, आणि दोन दिवसांनी कॉन्टिन्युइटी आयआरएने, मॅग्वायरचा आशीर्वाद मिरवणाऱ्या त्याच गटाने, एका पोलिसाला. तेव्हा उत्तर आयर्लंडचे उपमुख्यमंत्री असलेले मॅकगिनिस पोलीसप्रमुखांच्या शेजारी उभे राहून म्हणाले, की हे लोक आयर्लंड बेटाचे गद्दार आहेत. डेरीत एकेकाळी आयआरएचा दुय्यम सेनानी असलेल्या माणसाने हे म्हणायला काय लागले असेल याची मला कल्पना आहे. तरीही तो शब्द मी त्या तरुणांसाठीसुद्धा वापरणार नाही. त्यांना माझा प्रश्न एवढाच असेल, की २२ मेच्या मतदानाला तुमच्याकडे काय उत्तर आहे.