सुरुवात कुठून करायची?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. येशू मेलेल्यांतून उठला हे कुणाला सांगायचं, तर बायबलचं कुठलं पान आधी उघडायचं? आणि ‘मत्तय, मार्क, लूक, योहान या चार शुभवर्तमानांचा, म्हणजे येशूच्या चरित्रांचा, आपसांत मेळ नाही’ असं समोरच्याने म्हटलं, तर?

बरेच जण मार्क 16:15 काढतात, ‘सर्व जगात जाऊन सुवार्ता सांगा’. तिथून नको. चौथ्या शतकातल्या सायनाय आणि व्हॅटिकन या दोन्ही हस्तलिखितांत मार्क 16:8 लाच थांबतो: स्त्रिया कबरेपासून थरथर कापत पळतात, भीतीने कुणाशी काही बोलत नाहीत. पुढची 12 वचनं तिथे नाहीत. हे ठाऊक असलेला माणूस भेटला, की तुमचा पहिला अर्धा तास हस्तलिखितांत जातो. नसला, तर 18व्या वचनातल्या साप आणि विषात: विश्वास ठेवणारे साप उचलतील, विष प्याले तरी बाधणार नाही, असं तिथे आहे.

आज्ञा दाखवायचीच तर मत्तय 28. मूळ ग्रीकमध्ये तिथे आज्ञार्थी क्रियापद एकच आहे, ‘शिष्य करा’. जाणं, बाप्तिस्मा देणं, शिकवणं ही त्याला जोडलेली धातुसाधितं. नुसतं जाऊन पत्रकं वाटली की आज्ञा पाळली, हा हिशेब त्यात बसत नाही. शिवाय 17वं वचन गाळू नका: उठलेल्या येशूसमोर उभ्या असलेल्या शिष्यांपैकी काहींना संशय होता, आणि पाठवलं त्यांनाही.

पण पहिलं पान 1 करिंथ 15:3–8, म्हणजे प्रेषित पौलाचं करिंथच्या मंडळीला पहिलं पत्र. वाचायला मिनिटसुद्धा लागत नाही. पत्र साधारण इ.स. 53–55चं, म्हणजे वधस्तंभानंतर पंचवीसेक वर्षांच्या आतलं. आणि ‘मला जे मिळालं तेच तुम्हांला दिलं’ असं पौल म्हणतो, म्हणजे मजकूर त्याहून जुना. उठलेला येशू कुणाकुणाला दिसला, ते तो सांगतो: केफा (म्हणजे पेत्र), बारा जण, 500हून अधिक बंधू, याकोब, सगळे प्रेषित, शेवटी स्वतः पौल. त्या 500तले बहुतेक अजून हयात आहेत, असंही तो लिहितो. जाऊन विचारा, असाच त्याचा रोख.

आता तपशिलांचं. कबरेशी मत्तयात दोघी मरीया, मार्कात सलोमेही, लूकमध्ये योहान्ना, योहानात एकटी मग्दालीया मरीया. पण तीच धावत येऊन म्हणते, ‘त्याला कुठे ठेवलं आम्हांला ठाऊक नाही’. ‘आम्हांला’! म्हणजे ती एकटी नव्हती. इथे उत्तर सापडतं. देवदूत एक की दोन, याचं इतकं सरळ सापडत नाही. ओढूनताणून जुळवू नका. फरक आहे म्हणा आणि पुढे चला.

खरा घोटाळा शब्दाचा होतो. पुनरुत्थान म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात पुनर्जन्म येतो, नाहीतर मेलेला माणूस पुन्हा जिवंत झाला एवढंच. तेव्हा योहानाची दोन दृश्यं शेजारी ठेवा. 11:44 मध्ये येशूने मेलेल्यांतून उठवलेला लाजर हातपाय बांधलेले, तोंडाला रुमाल, असा बाहेर येतो; त्याला दुसऱ्यांनी मोकळं करावं लागतं. 20:6–7 मध्ये येशूच्या रिकाम्या कबरेत तागाची वस्त्रं तिथेच पडलेली, डोक्याचा रुमाल वेगळा गुंडाळलेला. सोडवायला कुणी आलं नव्हतं. देह दुसरा नाही, हातांवर खिळ्यांचे वण आहेत. तरी दारं बंद असताना तो आत येऊन उभा राहतो. माझ्या मते एवढं दाखवलं की व्याख्येची गरज उरत नाही.

नंतर वाद लांबवू नका. अथेन्समध्ये पौलाकडून पुनरुत्थानाविषयी ऐकून काहींनी थट्टा केली, काही म्हणाले पुन्हा कधीतरी ऐकू, दामारी नावाच्या एका स्त्रीसह काहींनी विश्वास ठेवला. थट्टा करणाऱ्यांना पौलाने गाठून धरलं नाही. तो त्यांच्यातून निघून गेला.