स्टेपनी

अमेरिकन फुटबॉलमधल्या खेळाडूंचा बाजार मार्चच्या मध्यावर भरतो. सोमवारी दुपारी बारापासून बोलणी करायची मुभा, बुधवारी दुपारी चारला सह्यांना मोकळीक. पहिल्या दोन दिवसांत क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा सूत्रधार), पास रशर (त्याच्यावर धावून जाणारा), रिसीव्हर (चेंडू झेलणारा) अशी बडी मंडळी उचलली जातात आणि आकडे ऐकून डोळे पांढरे होतात. वाचण्यासारखी बातमी मात्र चौथ्या-पाचव्या दिवशी येते, तीही तळाशी, एका ओळीची: अमुक संघाने तमुक ऑफेन्सिव्ह लाइनमनशी, म्हणजे क्वार्टरबॅकपुढच्या भिंतीतल्या गड्याशी, एक वर्षाचा करार केला. फोटो नाही, रक्कमही बहुतेकदा नाही. संघाचे कट्टर चाहतेसुद्धा ‘हा कोण बुवा?’ म्हणतात आणि पुढे सरकतात.

हा म्हणजे स्टेपनी.

डिकीत पडलेल्या चाकासाठी आपण हा शब्द इतका सहज वापरतो, की तो मुळात एका रस्त्याचं नाव आहे हे लक्षातही येत नाही. वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवर १९०४ च्या सुमारास जादा चाकांचा धंदा सुरू झाला आणि रस्त्याचं नाव चाकाला चिकटलं. तेव्हाचं ते चाक म्हणजे आरे नसलेली, हवा भरलेली नुसती धाव. पंक्चर झालेलं चाक काढायचं नाही, त्याच्याच अंगाला ही धाव आवळून बसवायची आणि घर गाठायचं. राखीव लाइनमनला ही उपमा बऱ्यापैकी शोभते, पण एका बाबतीत साफ फसते. गाडीची स्टेपनी चारही जागी बसते. माणसाला डावं-उजवं असतं.

लाइनमध्ये पाच जण असतात. मधोमध सेंटर, तो चेंडू मागे देतो. त्याच्या दोन्ही अंगांना गार्ड, दोन टोकांना टॅकल. प्रत्येकाचं वजन १४० किलोच्या आसपास आणि काम एकच: समोरून सुटलेल्या तितक्याच दांडग्या माणसाला थोपवून क्वार्टरबॅकला अडीच-तीन सेकंद मिळवून देणं. संघात खेळाडू ५३. सामन्याच्या दिवशी त्यातले ४८ जण गणवेश चढवू शकतात, पण त्यात किमान आठ लाइनमन हवेत. सातच असले तर आकडा ४७ वर येतो. लीग आणि खेळाडू संघटनेच्या २०२० च्या करारात ही अट आली आणि आठव्या लाइनमनची रविवारची सोय झाली. म्हणजे हिशेब असा: पाच खुर्च्या आणि राखीव तीन माणसं. एक दोन्ही टोकं सांभाळणारा, त्याला स्विंग टॅकल म्हणतात. एक सेंटर आणि दोन्ही गार्ड मिळून तीन जागा पाहणारा. तिसरा बहुधा शिकाऊ पोरगा.

आता डावं-उजवं. डाव्या टोकाचा टॅकल डावा पाय मागे ठेवून, डावा हात जमिनीला टेकवून उभा असतो. चेंडू हलला, की उजव्या पायाने रेटा द्यायचा आणि डावा पाय मागे-तिरका सरकवायचा. पाय उचलायचा नाही. उचलला की त्या क्षणी माणूस एका पायावर असतो आणि समोरचा त्याच क्षणाची वाट पाहत असतो. उजव्या टोकाला हे सगळं आरशातल्यासारखं उलटं. रेटा देणारा पाय बदलतो, कंबर दुसऱ्या बाजूला उघडते, आधी मारायचा हात बदलतो. कबड्डी पाहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. वर्षानुवर्षं डावा कोपरा धरणाऱ्याला उजव्या कोपऱ्यात उभं करा. चढाईवाल्याचा घोटा दिसत असतो, पण हात अर्धा क्षण उशिरा जातो. स्विंग टॅकलला दोन्ही कोपरे यावे लागतात, आणि कुठला लागेल हे त्याला सामन्याच्या मध्यावर कळतं.

तो चुकतो तेव्हा काय चुकतं, हेही ठरलेलं आहे. समोरचा पास रशर बाहेरून वळसा घालणार या धास्तीने तो पहिल्या दोन पावलांतच फार बाहेर सरकतो. मग आतली फट उघडी पडते आणि रशर एक पाऊल बाहेर दाखवून आतून घुसतो. प्रेक्षक म्हणतात, ‘हळू आहे बिचारा!’ तो हळू नसतो, घाबरून जास्त चपळ झालेला असतो. दुसरी चूक फॉल्स स्टार्टची, म्हणजे चेंडू हलण्याआधीच अंग हलण्याची. पाच यार्डांचा दंड. क्वार्टरबॅकच्या हाळीची लय कानात मुरलेली नसली की हे होतं. तिसरी, हुकलेल्या माणसाचा सदरा पकडण्याची. दहा यार्ड. तशी ही पकड शहाणपणाचीही असते. क्वार्टरबॅक पाठीवर आपटण्यापेक्षा दहा यार्ड परवडले.

आतल्या बाजूच्या राखीव माणसाची परीक्षा वेगळीच. परक्या मैदानावर साठ-सत्तर हजार लोक ओरडत असतात, हाळी ऐकू येत नाही. मग गार्ड मान वळवून मागे क्वार्टरबॅककडे बघतो. क्वार्टरबॅकने पाय उचलून खूण केली, की तो सेंटरला हाताने थाप देतो. सेंटर मनात ठरलेला आकडा मोजतो आणि चेंडू सोडतो. पाचही जणांनी त्याच ठोक्यावर सुटायचं. ही थाप जोराची असावी की हलकी, त्यानंतर किती थांबायचं, हे या दोघांचं आठवड्यागणिक घोटलेलं गणित. त्यात नवा गार्ड आला, थाप जरा उशिरा पडली, की सगळी ओळ अडखळते. आणि बदली सेंटर असला तर चेंडूचीच पंचाईत. क्वार्टरबॅक चार-पाच यार्ड मागे उभा, चेंडू पायांतून, न बघता, त्याच्या छातीशी गेला पाहिजे. समोर १५० किलोचा धटिंगण नाकाशी नाक लावून उभा असताना सेंटर चेंडू सोडता सोडताच उठायला बघतो. मग चेंडू डोक्यावरून जातो. म्हणून कोणी जायबंदी झाला की बदली सेंटर आणि क्वार्टरबॅक बाकाजवळ घाईघाईने चार-सहा स्नॅप, म्हणजे चेंडूची ही देवघेव, करून घेताना दिसतात. कॅमेरा तेव्हा स्ट्रेचरवर असतो.

बरं, तयारी करायची म्हटली तर करायची कधी? मार्चमध्ये सही झाली. एप्रिलमध्ये व्यायाम सुरू होतात, पण उन्हाळ्याआधीच्या त्या सगळ्या सरावात पॅड चढवायचे नाहीत, धडक द्यायची नाही. म्हणजे धडकेसाठी घेतलेला माणूस जुलैअखेरपर्यंत कोणाला धडकतच नाही. मोसम सुरू झाल्यावर पॅड घालून सराव करायचे दिवस सगळे मिळून १४, आणि त्यातला मोठा वाटा पहिल्या पाचांचा. राखीव माणूस त्या वेळी प्रतिस्पर्ध्यांचं सोंग घेऊन आपल्याच बचावफळीसमोर उभा असतो, दुसऱ्यांचे डावपेच खेळत. हे नियम खेळाडूंच्या गुडघ्यांसाठी आणि डोक्यांसाठी चांगलेच आहेत. पण त्यामुळे कच्चा मुलगा घेऊन त्याला घडवायची सवड उरलेली नाही. आधीच भाजून निघालेलं मडकं विकत घ्यावं लागतं. सहा-सात वर्षं तीन-चार संघांत फिरलेल्या, कुठेच पक्का न झालेल्या माणसाला मार्चमध्ये फोन येतो तो यामुळे.

त्याचा पगार हा स्वतंत्र मासला आहे. २०२५ मध्ये संघाची पगारमर्यादा २७ कोटी ९२ लाख डॉलर होती. चार ते सहा वर्षं खेळलेल्याचा किमान पगार तेव्हा ११ लाख ७० हजार होता. पण त्याच्याशी किमान पगाराचा एक वर्षाचा करार केला, तर मर्यादेत १० लाख ३० हजारच मोजले जात, म्हणजे दोन वर्षं खेळलेल्या पोराएवढे. अनुभव महाग पडतो म्हणून संघांनी जुन्या माणसांना घरी बसवू नये, यासाठी ही सवलत. शिवाय सप्टेंबरपर्यंत वरचे ५१ पगारच मोजतात. हा आला की यादीतला ५१ वा खाली ढकलला जातो, आणि संघाच्या हिशेबात फरक पडतो तो लाख-दोन लाखांच्या आतबाहेर. खरोखर चांगला स्विंग टॅकल अर्थात किमान पगारावर येत नाही. तो तिप्पट-चौपट मागतो आणि त्याला मिळतातही.

सहीची वेळसुद्धा जोखून पाहावी. आपले खेळाडू दुसरीकडे गेले की संघाला पुढच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजमधून येणाऱ्या नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, भरपाईच्या पाळ्या मिळतात, पण बाहेरून जे घेतले ते त्यातून वजा होतात. ड्राफ्टनंतरच्या सोमवारी ही वजाबाकी थांबते. काटकसरी संघ म्हणूनच एप्रिलअखेरपर्यंत कळ काढतात. तोवर ड्राफ्टमध्ये काय हाती लागलं तेही कळलेलं असतं. ‘वैद्यकीय तपासणीत पास झाल्यास’ हे शेपूट मात्र दोन्ही वेळी असतं आणि या धंद्यात ते कागदापुरतं नसतं. गुडघे, खांदे, पाठ. बहुतेकांची एक तरी शस्त्रक्रिया झालेली असते.

एवढा खटाटोप एका बाकावरच्या माणसासाठी कशाला, याचं उत्तर कॅन्सस सिटीच्या संघाने दोनदा दिलं आहे. जानेवारी २०२१ मध्ये सुपर बोलच्या, म्हणजे मोसमाच्या अंतिम सामन्याच्या, आधीच्या सामन्यात त्यांचा डावा टॅकल एरिक फिशर याच्या टाचेची शीर तुटली. उजवा टॅकल मिचेल श्वार्ट्झ पाठदुखीने आधीच बाहेर. त्याच्या जागी खेळत असलेल्या माइक रेमर्सला डावीकडे आणलं, त्याच्या जागी उजव्या गार्डवरून अँड्र्यू वायली, वायलीच्या जागी बाकावरून स्टीफन विस्निव्हस्की. एक शीर तुटली आणि तीन खुर्च्या बदलल्या. सुपर बोलमध्ये क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्स पास फेकायच्या ५६ खेपांपैकी २९ वेळा दबावाखाली सापडला, सबंध संध्याकाळ मागे मागे पळत राहिला. टाम्पा ३१, कॅन्सस सिटी ९.

यातून ते शिकले. पुढच्याच मार्चमध्ये जो थूनीसारखा अव्वल गार्ड पाच वर्षांसाठी घेतला, ओळ नव्याने बांधली. तरी २०२४ च्या मोसमात डावं टोक पुन्हा गळायला लागलं. दोन तरुण टॅकल टिकेनात. नोव्हेंबरअखेर डी. जे. हम्फ्रीज या अनुभवी टॅकलला आणलं, गुडघ्याच्या मोठ्या दुखापतीतून उठलेला माणूस. पहिल्याच सामन्यात मांडीचा मागचा स्नायू धरला. शेवटी थूनीलाच गार्डवरून टॅकलला सरकवलं. तो तिथेही बरा खेळला, हेच तर फसवं. कारण त्याची डाव्या गार्डची जागा आता दुसऱ्याकडे होती. उसवलेल्या बाहीला ठिगळ म्हणून खिसाच फाडून लावावा, तसं झालं. फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलमध्ये फिलाडेल्फियाने एकदाही ब्लिट्झ न करता, म्हणजे जादा माणूस अंगावर न सोडता, नेहमीच्याच चार माणसांनी, माहोम्सला सहा वेळा लोळवलं. ४०–२२.

म्हणून मला राखीव माणूस निवडायचा असता, तर एका जागी उत्तम खेळणाऱ्यापेक्षा चार जागी बेताचं खेळणारा मी घेतला असता. तो काही फार शोभा आणत नाही, पण बाकीच्या चौघांना जागचं हलू देत नाही. त्याला पैसे द्यायचे ते याचे.

त्याच रात्री समोरच्या बाकावर या बाजाराची दुसरी तऱ्हा होती. मेकाय बेक्टन, सहा फूट सात इंच, २०२० च्या ड्राफ्टमध्ये अकरावा. जेट्स संघाकडे दुखापतींत वर्षं गेली. २०२४ च्या ड्राफ्टनंतर फिलाडेल्फियाने त्याला एक वर्षासाठी, जास्तीत जास्त ५५ लाख डॉलरवर घेतलं, ते टॅकलचा राखीव म्हणून. गार्ड तो कधी खेळलाच नव्हता. लाइनचे प्रशिक्षक जेफ स्टाउटलंड यांनी त्याला उजव्या गार्डवर उभं केलं आणि मोसमभर तोच पहिल्या पाचांत राहिला. सुपर बोल जिंकून तो पुढच्या मार्चमध्ये बाजारात आला, तेव्हा चार्जर्सनी दोन वर्षांचे २ कोटी मोजले. स्टेपनी म्हणून आणलेलं चाक पुढच्या धुऱ्यालाच राहिलं. असं दर वर्षी होत नाही.

एरवी राखीव लाइनमन मैदानात दिसतो तो किकच्या वेळी. फील्ड गोल मारताना संघ त्याला भिंतीत उभं करतो, सामन्यात पाच-सात वेळा. कधी सहावा लाइनमन म्हणूनही येतो, यार्डभर जागा हवी असते तेव्हा. त्याचा क्रमांक ५० ते ७९ मधला, म्हणजे पास झेलायला नालायक. म्हणून प्रत्येक वेळी पंचांना सांगावं लागतं, की या खेपेला मी लायक. ३० डिसेंबर २०२३ ला डॅलसविरुद्ध डेट्रॉइटचे तीन लाइनमन पंचांच्या दिशेने गेले. पंचांनी नाव पुकारलं ७० क्रमांकाचं, डॅन स्किपर या राखीव माणसाचं. चेंडू झेलला ६८ क्रमांकाच्या टेलर डेकरने. विजयाचे दोन गुण रद्द, डेट्रॉइट २०–१९ ने हरलं, आणि ज्याच्याकडे चेंडू आलाच नाही त्या स्किपरचं नाव आठवडाभर सगळ्यांच्या तोंडी झालं.

क्लीव्हलंडमध्ये तर डाव्या टॅकलच्या राखीव माणसाला काही कामच नव्हतं. जो थॉमस २००७ मध्ये आला आणि एकही स्नॅप न चुकवता खेळत राहिला. मधल्या काळात क्वार्टरबॅक बदलले, प्रशिक्षक बदलले, संघ हरत राहिला. त्या एका जागेवर दुसरा कोणी उभाच राहिला नाही. २२ ऑक्टोबर २०१७ ला टेनेसीविरुद्ध, तिसऱ्या सत्रात, त्याच्या डाव्या दंडाचा ट्रायसेप्स फाटला. मोजदाद १०,३६३ वर थांबली. बाकावरून स्पेन्सर ड्रँगो उठला, हेल्मेटचा पट्टा आवळला आणि पुढच्या डावासाठी डावा पाय मागे घेऊन उभा राहिला.