अ‍ॅम्पचा अर्धा आवाज कॅबिनेटमध्ये असतो

व्हॉल्व्ह अ‍ॅम्प (गिटारचा, काचेच्या ट्यूब्जवर चालणारा) घ्यायचाय म्हणून जो कोणी माझ्याकडे येतो तो हेडबद्दलच, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या वरच्या पेटीबद्दलच, बोलत बसतो. ट्यूब्ज कुठल्या, वायरिंग हाताने केलंय का, आउटपुट ट्रान्सफॉर्मर कोणाचा. कॅबिनेटचा, म्हणजे स्पीकरच्या पेटीचा, विषय निघतो तो पार उठता उठता: "ते काय, बारा इंची दोन स्पीकरचं कुठलंही टू-बाय-ट्वेल्व्ह लावू." माझं मत नेमकं उलटं आहे. पैसे मोजकेच असतील तर कॅबिनेट आधी नीट करा, हेडची हौस नंतर.

मार्शल या इंग्लिश कंपनीचंच घ्या. १९६२ साली लंडनजवळच्या हॅनवेलमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांनी जेटीएम ४५ हा हेड तयार केला, तो अमेरिकेच्या फेंडर कंपनीच्या ५एफ६-ए बासमनचा सर्किट समोर ठेवून. दोन्ही सर्किट शेजारी ठेवून पाहिले तर भावंडंच वाटतात. फरक आहेत: पहिली ट्यूब बासमनमध्ये १२एवाय७, तर मार्शलमध्ये ईसीसी८३, ट्रान्सफॉर्मर इंग्लिश, पुढे पॉवर ट्यूबही केटी६६ आल्या. पण माझ्या कानाला सगळ्यात मोठा फरक लाकडातला आहे. बासमनमध्ये दहा इंची चार जेन्सेन स्पीकर, मागून उघड्या पेटीत. मार्शलने हेड वेगळं काढलं आणि बारा इंची चार सेलेस्टियन स्पीकर मागून बंद कॅबिनेटमध्ये बसवले. पुढच्या साठ वर्षांचा रॉक गिटारचा आवाज त्या बंद पाठीतून आला, असं मी बेधडक म्हणतो.

पाठ बंद केल्याने होतं काय? कोन (स्पीकरचा हलणारा कागदी पडदा) पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते आणि मागे तेवढीच ओढ तयार होते. पाठ उघडी असेल तर खालच्या सुरांच्या लाटा पेटीच्या कडेवरून वळतात आणि एकमेकींना मारतात. म्हणून उघड्या कॅबिनेटचा आवाज खोलीभर पसरतो, मोकळा वाटतो, पण पोटात बुक्की बसत नाही. पाठ बंद केली की मागची लाट आत अडकते, आतली हवा कोनला मागे ढकलत राहते आणि पाम-म्यूट केलेली (तळहाताने दाबून वाजवलेली) जाड तार घट्ट, आखूड ऐकू येते. व्हॉक्स कंपनीचा एसी३० उघड्या पाठीचा आहे. त्यातली ती किणकिण बंद पेटीत कोंडून पाहा, तो अ‍ॅम्प ओळखू येणार नाही.

आणि व्हॉल्व्ह अ‍ॅम्पच्या बाबतीत मामला इथे थांबत नाही. स्पीकरवर आठ ओहम (विजेला होणारा विरोध) लिहिलेलं असलं तरी ते सगळ्या सुरांना आठ नसतं. कोनच्या स्वतःच्या रेझोनन्सपाशी, म्हणजे तो आपसूक सर्वात जास्त डुलतो त्या सुरापाशी, ते कितीतरी पट चढतं, आणि वरच्या सुरांकडे पुन्हा चढत जातं. चांगला ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प याला फारशी दाद देत नाही. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प देतो. ओहम चढले की त्याचं व्होल्टेजही चढतं, म्हणजे खालचा ठोका आणि वरची धार दोन्ही फुगतात. एसी३० च्या पॉवर स्टेजला निगेटिव्ह फीडबॅकच (आउटपुटचा काही भाग उलटा आत देऊन आवरणं) नाही, त्यामुळे तिथे हे फारच जाणवतं. तो रेझोनन्स कुठे पडेल हे पेटीच्या आकारावर ठरतं. मग मला सांगा, हेड कुठे संपलं आणि कॅबिनेट कुठे सुरू झालं?

बुटीक, म्हणजे मोजकेच अ‍ॅम्प हाताने बनवणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. न्यू जर्सीचे केन फिशर आधी अँपेग या कंपनीत होते. त्यांच्या ट्रेनरेक अ‍ॅम्पना सीरियल नंबरऐवजी बायकांची नावं असत. कॅलिफोर्नियात अलेक्झांडर डंबल वाजवणाऱ्याचा हात ऐकून त्याच्यापुरता अ‍ॅम्प जुळवायचे, आणि सर्किट कोणी उतरवून घेऊ नये म्हणून त्यावर एपॉक्सी ओतायचे. अशा हेडच्या किमतीत पुण्यात गाडी येते. पण ते हेड हलक्या पार्टिकल बोर्डच्या पेटीला जोडलंत, तर तुम्हाला ऐकू येणार पार्टिकल बोर्डच.

माझं हेड जेटीएम ४५ च्याच नकाशावर एका मित्राने बांधलंय, मेन ट्रान्सफॉर्मर आपल्या २३० व्होल्ट, ५० हर्ट्झसाठी इथेच गुंडाळून. कॅबिनेट मात्र मी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटजवळच्या एका मिस्त्रींकडून करून घेतलं. आयुष्यभर कपाटं आणि पलंग केलेला माणूस. मी अठरा एमएमचा प्लाय म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "आत काय ठेवणार?"

"काहीच नाही मामा. हवा."

त्यावर ते हसले नाहीत. गोदामात गेले, ७१० मार्कचा मरीन प्लाय काढला आणि बोटाच्या पेराने अख्खी शीट ठोकत गेले, टक टक टक, वीतभर अंतराने. एका जागी आवाज बदलला. "इथं आत गॅप आहे. तुमची हवा इथं बोलेल," म्हणाले आणि ती शीट बाजूला ठेवली. आतल्या थरातली पोकळी म्हणजे एखाद्या ठराविक सुराला हमखास येणारी झिणझिण, आणि ती मागाहून कशानेच जात नाही. हे त्यांना मी सांगितलं नव्हतं.

कोपरे फिंगर जॉइंटने (बोटांसारख्या खाचा एकमेकींत गुंतवून) जोडले, नुसत्या स्क्रूवर नाही. पाठीला मधे एक बॅटन (लाकडी पट्टी), म्हणजे फळी ढोलासारखी घुमत नाही. पाठ दोन तुकड्यांत: एक काढली की अर्धं उघडं, दोन्ही लावल्या की पूर्ण बंद, कडेला फोमची पट्टी. स्पीकर दोन, सेलेस्टियनचे ग्रीनबॅक, २५ वॉटचे, सोळा ओहमचे, पॅरललमध्ये, म्हणजे हेडला आठ दिसतात. आमच्या पावसात पार्टिकल बोर्डच्या कडा फुगतात. हा प्लाय जागचा हललेला नाही. वजन भरपूर आहे. जिना चढवायला दोघं लागतात आणि मला ते चालतं. (द हू या बँडचे गिटारिस्ट पीट टाउनशेंड यांनी मार्शलकडून आठ स्पीकरचं एकच कॅबिनेट करून घेतलं होतं. उचलणाऱ्यांनी हात टेकले, मग त्याचे दोन फोर-बाय-ट्वेल्व्ह झाले आणि एकावर एक चढले. स्टॅक म्हणतात तो हा.)

बासवाल्यांना हे सगळं दुप्पट लागू. बासची खालची ई ४१ हर्ट्झची, लाट आठ मीटरहून लांब. १९६९ च्या अँपेग एसव्हीटीचं ३०० वॉटचं, चौदा ट्यूब्जचं हेड सगळ्यांना तोंडपाठ असतं. पण खरी करामत खालच्या, दहा इंची आठ स्पीकरच्या पेटीत आहे. आत चार बंद कप्पे, प्रत्येकात दोनच स्पीकर. छोट्या कप्प्यामुळे कोन आवरलेला राहतो आणि अगदी तळाचा सूर थोडा सोडावा लागतो, पण बोटाचा आघात स्वच्छ पोहोचतो. गर्दीच्या गाण्यात बास ऐकू येतो तो त्या आघातावरच.

आमच्या बासिस्टला सध्या नवं हेड खुणावतंय. मी त्याला म्हटलंय की आधी या रविवारी माझ्याबरोबर मिस्त्रींकडे चल. दहा इंची चार, दोन कप्पे, पाठ बंद. माप मी काढून ठेवलंय. प्लाय ते ठोकून देतील.