आबा म्हणतील तसं

मेंदू मृत झालेल्या रुग्णाच्या अवयवदानाला जवळच्या नातलगाची संमती लागते. रुग्ण विवाहित असला की आम्ही अवयवदानाचे समन्वयक आधी जोडीदाराकडे वळतो. प्रशिक्षणात शिकवलेलं असतं: त्या व्यक्तीला शांत खोलीत बाजूला घ्या आणि थेट बोला. सोलापूरकडच्या त्या कुटुंबात मी तसं केलं असतं, तर ‘सुनेला आत नेऊन कसल्या सह्या घेताय?’ म्हणत बाहेरची वीसएक माणसं दारावर आली असती.

मोटारसायकलच्या अपघातातला तरुण होता. मेंदू मृत झाल्याची खात्री करायला चार डॉक्टरांचं मंडळ दोनदा तपासण्या करतं, मध्ये किमान 6 तास जावे लागतात. तेवढ्यात गावाहून दोन जीपा आल्या. दुसऱ्या तपासणीनंतर मी विषय काढला तो आयसीयूबाहेरच्या व्हरांड्यात, सगळ्यांसमोर, खाली बसून. सासरे बाकावर, त्यांना सगळे आबा म्हणत. सून भिंतीला टेकून, पदर कपाळापर्यंत ओढलेला.

आबा म्हणाले, “आमचं काय, तिला इचारा. कुंकू तिचं गेलंय.”

ती पुटपुटली, “आबा म्हणतील तसं.”

दोघंही एकमेकांचा मान राखत होते आणि माझा फॉर्म कोरा होता. अशा वेळी लगेच पुन्हा विचारू नये. रेटलं की माणसं ‘नाही’ म्हणून मोकळी होतात. मी गप्प बसले. एका चुलत्यानं चिरफाडीचं विचारलं. अपघाताची केस, शवविच्छेदन तसंही होणारच, हे सांगितलं. टाके घालून देह नीट परत देतात, चेहरा दर्शनाला होता तसा राहतो, हेही. मग बराच वेळ तंबाखूच्या डब्या, फोन, जिन्यातली कुजबुज.

शेवटी आबा म्हणाले, “दिस मावळायच्या आत घरी न्यायला मिळंल का?”

‘हो’ कुणीच म्हटलं नव्हतं. पण न्यायच्या वेळेची चौकशी सुरू झाली की घराचं ठरलं, एवढं या नोकरीत कळायला लागतं. पोलिसांची परवानगी, अवयवांचं वाटप, मग शस्त्रक्रिया. रात्र होईल, असं मी स्पष्ट सांगितलं. “मग सकाळी,” म्हणून त्यांनी एकाला पाहुण्यांना कळवायला पिटाळलं.

सही मात्र सुनेची, आणि तिचं मन अजून कुणी विचारलंच नव्हतं. घराचं ठरलं म्हणजे झालं, असं काही सहकारी मानतात. मला ते पटत नाही. मी नणंदेला म्हटलं, वहिनींना जरा तोंड धुवायला आणा. सासऱ्यांच्या नजरेआड गेल्यावर पदर खांद्यावर आला आणि बाई माझ्याकडे सरळ बघून म्हणाल्या, “किडन्या, लिव्हर, काय ते घ्या. डोळे नका घेऊ.”

कारण मी विचारलं नाही. कोणते अवयव द्यायचे ते घरच्यांनीच ठरवायचं असतं. फॉर्ममधून डोळे वगळले.

आबांनी पुतण्याकडून तो मोठ्यानं वाचून घेतला. डोळ्यांपाशी त्याला थांबवलं. “हे कुणी सांगितलं?”

“मी,” नणंद म्हणाली.

“बरं.”

सुनेनं सही केली, साक्षीदार म्हणून चुलत्यानं. मी विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राला फोन लावला.