बॉल गेल्यावरचे पहिले पाच सेकंद: फुटबॉलमधल्या ट्रान्झिशनच्या सरावाची नोंद

पाऊस उघडला, सोयाबीन निघालं, पोट्टे पुन्हा मैदानावर यायला लागले. जिल्हा परिषद शाळेचं मैदान काळ्या मातीचं, आता वाळून टणक झालेलं. अशा जमिनीवर पहिला टच लांब उडतो आणि ताबा दर दोन-तीन पासांनी बदलतो. म्हणून या मोसमात सगळा भर ट्रान्झिशनवर, म्हणजे बॉलचा ताबा बदलतो त्या क्षणावर. बॉलमध्ये हवा ९ पीएसआयच्या आसपास ठेवा. नियमात बसते आणि उसळीही जरा आवरते.

मुख्य सराव दोन चौकोनांचा. फक्कीने १२ बाय १२ मीटरचे दोन चौकोन शेजारी-शेजारी आखायचे, ५-५ चे दोन संघ, प्रत्येकाला आपला चौकोन. बॉल असलेला संघ आपल्या चौकोनात पास खेळतो आणि समोरचे दोघं तिथे जाऊन हिसकावतात. सलग ६ पास झाले की एक गुण. हिसकावला की लगेच पलीकडे उभ्या आपल्या तिघांना पास देऊन दोघांनीही तिकडे पळायचं. ज्यांचा बॉल गेला त्यांच्यातले जवळचे दोघं त्याच क्षणी पाठलागावर. २ मिनिटं खेळ, दीड मिनिट विश्रांती, असे ५ डाव. वॉर्म-अप झाल्या झाल्या हेच घ्या. शेवटी ठेवलं तर दमलेल्या पायांचा सराव होतो, प्रतिक्रियेचा नाही.

कोचच्या पायाशी चार बॉल हवेतच. एकच असला की तो बाभळीत जातो, दहाही जण कमरेवर हात ठेवून उभे राहतात आणि जी सवय मोडायची तीच पक्की होते. बॉल बाहेर गेला की शिट्टी न वाजवता दुसरा आत टाका, तोही समोरच्या संघाकडे.

चुका तीन दिसतात. पहिली म्हणजे पाठलाग करणारा पूर्ण वेगात थेट अंगावर जातो आणि एका वळणात बाद होतो. शेवटचे २-३ मीटर पावलं बारीक, अंग तिरपं, आतला पास बंद. आपल्याकडे कबड्डीतून आलेल्या पोट्ट्यांची झेप जबर, पण ती माणसावर, आणि आधी हात पुढे येतात. त्यांना दोन्ही मुठींत एकेक बिब (संघ ओळखायला घालतात ती बंडी) धरून खेळवा. जर्सी ओढणं बंद होतं. दुसरी चूक घोळक्याची. सगळेच बॉलवर धावतात. जवळचा एक दबाव टाकेल, पुढचे दोघं पासच्या वाटा अडवतील, बाकीचे मधोमध आपल्या गोलकडे आत येतील.

तिसरी चूक सगळ्यात महागडी: कधी चढायचं आणि कधी मागे यायचं, हे ठरलेलंच नसतं. समोरच्याची पाठ आपल्या गोलकडे असेल किंवा त्याचा टच सुटला असेल, तर ‘चढ!’ तो मान वर करून पुढे बघत असेल, तर ‘मांगं!’ हाक सेंटर बॅकची (मधल्या बचावपटूची), कारण त्यालाच सगळं दिसतं. जर्मन फुटबॉल कोच राल्फ रांगनिक यांचा हिशोब बॉल परत मिळवायला ८ सेकंद आणि मिळाल्यावर १० सेकंदांत शॉट असा आहे. गावच्या मैदानावर आम्ही पाचच धरतो. पाचात नाही मिळाला तर सगळे बॉलच्या मागे.

हिसकावल्यावरचा पहिला पास गर्दीतून बाहेर, मग पुढे. ३० बाय २५ मीटरमध्ये ५ विरुद्ध ५, चार छोटे गोल, १० सेकंदांतला गोल दुप्पट. मोठ्याने सेकंद मोजले की पोट्टे डोळे मिटून बॉल उडवतात, म्हणून गोल समोरच्याच्या अर्ध्यात जाऊनच मारायचा अशी अट घाला.

सध्याची स्थिती: पहिला माणूस झटकन उडी घेतो, दुसरा अजून बघत राहतो. खरं कारण पायात नाही, उभं राहण्यात आहे. आपली चढाई चालू असतानाच एक साइड बॅक (कडेचा बचावपटू) वर गेला तर दुसरा थांबला पाहिजे, आणि समोरच्या फॉरवर्डपासून आपला डिफेंडर हातभरच लांब, गोलच्या बाजूने. हे आधीच जुळलेलं असेल तर धावायला कमीच लागतं.

आता आपल्या कॉर्नरनंतरचं काम सुरू करतोय. दोघं मध्यरेषेजवळ, एक पेनल्टी बॉक्सच्या तोंडावर, आणि कॉर्नर मारणाऱ्याने बॉल सुटताच आत धाव घ्यायची. सध्या तो झेंड्यापाशीच निकाल बघत उभा राहतो.