सवय आणि सुख

अमळनेर, रविवार, ८ डिसेंबर

नव्या घरात राहायला येऊन चौदा महिने झाले. पहिल्या महिन्यात कचेरीतून परतल्यावर मी रोज स्वयंपाकघराच्या ओट्यावरून नुसता हात फिरवत असे. त्या काळ्या ग्रॅनाइटचा गारवा तळव्याला लागला की इतक्या वर्षांच्या काटकसरीचे सार्थक झाल्यासारखे वाटे. आज भांडी आवरताना जाणवले की त्या ओट्यावर मला आता केवळ डाव्या कोपऱ्यातला टवका दिसतो.

मानसशास्त्रात याला सुखाशी होणारे अनुकूलन म्हणतात. या विषयावरचा सर्वाधिक सांगितला जाणारा अभ्यास १९७८ सालचा आहे. ब्रिकमन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या लॉटरीत मोठी रक्कम जिंकलेली २२ माणसे, अपघाताने अपंगत्व आलेली २९ माणसे आणि तुलनेसाठी २२ सामान्य माणसे यांना त्यांच्या सुखाविषयी विचारले. लॉटरी जिंकणारे इतरांहून फारसे सुखी निघाले नाहीत. उलट मित्राशी गप्पा, सकाळची न्याहारी अशा रोजच्या गोष्टींतली त्यांची गोडी कमी झालेली आढळली. इथवर सगळेच सांगतात. मात्र याच अभ्यासावरून ‘माणूस कशालाही सरावतो, सुखालाही आणि दुःखालाही’ असे जे व्याख्यानांतून ठोकून दिले जाते, ते मला मान्य नाही, कारण पाचपैकी गुण देताना सामान्य माणसांची सरासरी ३.८२ आली, तर अपघातग्रस्तांची २.९६. हा फरक लहान नाही.

हे मी इतक्या आग्रहाने लिहिते आहे, त्याला कारण आमचे नाना आहेत. आठ वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. भेटायला येणारे नातेवाईक उठताना हमखास म्हणत, “होईल हळूहळू सवय.” सदऱ्याची गुंडी डाव्या हाताने लावायची सवय नानांना झाली, हे खरे, पण गुंडी लावून झाल्यावर ते त्या निर्जीव उजव्या हाताकडे क्षणभर पाहतात, ते पाहणे आठ वर्षांत एका दिवसानेही चुकलेले नाही. सवय सुखाला लवकर गिळते, दुःखाच्या वाट्याला मात्र ती तितक्या तत्परतेने येत नाही, असे माझे घरात राहून झालेले मत आहे.

मग या आठ वर्षांत त्यांना तगवले कशाने? हार्वर्ड विद्यापीठाचा १९३८ पासून चालत आलेला एक अभ्यास आहे; त्यात हार्वर्डचे २६८ विद्यार्थी आणि बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतली ४५६ मुले यांच्या आयुष्याचा पुढे अनेक दशके मागोवा घेतला गेला. पन्नाशीत आपल्या नात्यांविषयी जे समाधानी होते, ते ऐंशीव्या वर्षी अधिक निरोगी आढळले, आणि या बाबतीत कोलेस्टेरॉलच्या आकड्यांपेक्षाही नात्यांतल्या समाधानावरून अधिक नेमका अंदाज येत होता. जुन्या गल्लीत नानांच्या ओसरीवर दिवसातून चार माणसे टेकत. नव्या घराला फाटक आहे, घंटी आहे, आणि घंटी वाजवून बसायला येणारे कोणी नाही. घर बांधताना खोल्या मोजल्या, हे मात्र मोजले नाही, याची खंत मला मनापासून वाटते.

म्हणून आज जुन्या शेजाऱ्यांना भरिताला बोलावले. बाजारात बामणोदची हिरवी-पांढरी वांगी आली होती; काकूंनी येताना शेतातल्या पऱ्हाट्यांचा भारा आणला आणि अंगणातच जाळ केला. वांग्यांची साले तडतडून काळी पडली, तो धूर थेट नव्या भिंतीवर गेला, आणि मला त्याचे काही वाटले नाही. भाजलेल्या मिरच्या आणि लसूण ठेचून झाल्यावर शेंगदाणे, कांद्याची पात घातलेली खमंग फोडणी भरितावर पडली. नाना खुर्चीत मधोमध बसले होते. पहिला घास काकूंनी त्यांच्या डाव्या तळव्यावर ठेवला. त्यांनी तो सावकाश चावला, आणि झटक्यानंतर जड झालेल्या जिभेने, एकेक शब्द सुटा करत म्हणाले, “मीठ कमी शे.”

सगळे एकदम बोलू लागले. काकूंनी मीठ घालून पुन्हा घास दिला, नानांनी मान हलवली, काकूंनी आणखी चिमूटभर घातले. हे चारदा झाले. चौथ्यांदा नाना हसत होते.